झूल न घालता घोडीला हिवाळ्यात ऊब कशी द्यावी?

सत्तरीकर · ११ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गोव्यात सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे म्हादई नदीच्या अंगाला आमचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग आहे. गणपतीच्या आधी मी एक घोडी घरी आणली. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारी होती, मालक धंदा आवरून गावी निघाला होता. काठेवाडी वळणाची, कानांची टोकं एकमेकांना टेकणारी, रंगाने कुमैत म्हणजे तांबूस तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका म्हणून नाव चांदणी. वय बाविशीच्या आसपास. ती आता सवारीची नाही. तिने आयुष्यभर माणसं वाहिली, आता तिला स्वस्थ राहू द्यावं, एवढाच हेतू.

अडचण अशी की गेले आठ दिवस ती पहाटे कुडकुडते. पडवीतला तापमापक साडेपाचला १७ दाखवतो. हात लावला तर पाठ दवाने ओली असते. मेहुण्याने बेळगावहून जाड झूल आणून दिली, ती दोन रात्री घातली. सकाळी नऊला काढली तेव्हा आतून ओलीचिंब होती. तिसऱ्या दिवशी पाठीवर केसांचे बारीक झुबके उभे राहिले, ओढले की मुळाशी खपलीसकट हातात येतात. झूल बंद केली.

खुराक: सकाळ-संध्याकाळ दीड-दीड किलो भिजवलेले हरभरे आणि तांदळाचा कोंडा, रात्री पेंढ्याची एक पेंढी. रोज संध्याकाळी पाचला विहिरीवर आंघोळ. तबेला नाही, खळ्यात मोकळ्यावर बांधतो, कारण झाडाखाली सापाची भीती वाटते. झुलीशिवाय तिला ऊब कशी देऊ? ज्यांनी घोडे पाळलेत त्यांनी कृपा करून सांगा.

काजूबाग · ११ डिसेंबर, रात्री १०:०५

आमचे आजोबा नांगराचे बैल पावसात फार भिजले की गुळाच्या पाण्यातून वाटीभर फेणी द्यायचे. करून पाहा.

गुरांची_डॉक्टर · ११ डिसेंबर, रात्री १०:५०

काजूबाग, आजोबांबद्दल आदर ठेवून सांगते, घोडीला फेणी देऊ नका. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या पसरतात. अंग गरम झाल्यासारखं वाटतं, पण आतली ऊब बाहेर निघून जाते.

सत्तरीकर, आधी एक काम करा. १७ अंशांत निरोगी, कोरडी, पोटभर खाल्लेली घोडी कुडकुडत नाही. उन्हाळी केसांचा घोडासुद्धा साधारण ५ अंशांपर्यंत जादा खर्च न करता आपली ऊब सांभाळतो. दाट हिवाळी केस आले असतील तर उणे १० ते १५ पर्यंत. म्हणून नुसती थंडी हे कारण मला पटत नाही. उद्या सकाळी आणि संध्याकाळी ताप पाहा. तापमापक गुदद्वारात धरायचा; त्याला दोरा बांधून दोऱ्याचं टोक शेपटीला चिमट्याने लावा, म्हणजे तो आत जायचा नाही. ३७.५ ते ३८.५ हा ठीक आकडा. ताप चढउतार करत असेल तर रक्त तपासायला हवं, आपल्याकडे गोमाशांमुळे सर्रा हा रक्तातला आजार होतो आणि तो घोड्याला आतून पोखरतो.

झुबके आणि खपल्या म्हणजे ओलसर, कोंडलेल्या कातडीवर जंतूंनी धरलेला ठाव. झूल काढलीत ते उत्तम केलंत. ती जागा कोरडी ठेवा. खपल्या जोराने ओढू नका, तिला दुखतं.

इन्व्हर्नेसची_सून · १२ डिसेंबर, पहाटे ३:२०

मी मूळ फोंड्याची, आता स्कॉटलंडमध्ये एका तबेल्यावर काम करते. आमच्याकडे सध्या सूर्य नऊच्या सुमाराला उगवतो आणि साडेतीनला मावळतो. इथली शेटलँड आणि हायलँड तट्टं हिवाळाभर बिनझुलीची बाहेर असतात. बर्फ पडला की त्यांच्या पाठीवर तो तसाच साठतो, वितळत नाही. पहिल्या वर्षी मला ते बघवत नव्हतं, मी हाताने झाडायला गेले. तबेल्याच्या बाईंनी थांबवलं आणि माझा हात त्या बर्फाखाली केसांत घालून दिला. आत कोरडं आणि गरम! बर्फ वितळत नाही याचा अर्थ आतली ऊब बाहेर गळत नाही.

थंडीत प्रत्येक केस उभा राहतो आणि केसांच्या मधे हवा अडकते. ती हवा हेच पांघरूण. त्यावर झूल घातली की केस चेपतात आणि ती हवा निघून जाते. म्हणजे पातळ झूल घालणं कधी कधी काहीच न घालण्यापेक्षा वाईट.

आमच्याकडे कोरडी थंडी त्रास देत नाही, पाऊस आणि वारा एकत्र आले की त्रास होतो. भिजलेले केस चिकटतात, हवा जाते, वरून वारा. अशा रात्री तट्टं वाऱ्याकडे पाठ करून उभी राहतात, शेपटीच्या मुळाशी असलेले आखूड केस पसरून पाणी मांड्यांबाहेर ओघळवतात. आम्ही त्यांना तीन भिंतींचा आडोसा आणि रात्री दहाला एक जादा जाळीभर वाळलेलं गवत देतो. बाकी काही नाही.

तुमच्या धाग्यात मला खटकलं ते दव आणि संध्याकाळची आंघोळ. पाचला धुतलं तर ती रात्रीपर्यंत कातडीपर्यंत वाळते का?

निवृत्त_सुभेदार · १२ डिसेंबर, सकाळी ७:१५

मी सैन्याची जनावरं सांभाळणाऱ्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरमध्ये होतो, मेरठला बरीच वर्षं काढली. ताई म्हणतात ते खरं, पण झुलीला सरसकट वाईट म्हणू नका. कामाच्या घोड्याचे केस आम्ही कातरतो, कारण लांब केसांत घाम वाळत नाही. केस कातरले की त्याचं पांघरूण आपणच काढून घेतलं, मग मेरठच्या ५-६ अंशांच्या धुक्यात झूल घालणं आपलं कर्तव्य. तसंच म्हातारा, हडकलेला, आजारी घोडा. त्याला झूल लागते.

मात्र झूल घालणं म्हणजे रोजची चाकरी. सकाळी काढायची, उन्हात टाकायची, खालून हात फिरवून पाहायचं, संध्याकाळी खरारा करूनच परत घालायची. आठ-आठ दिवस एकच झूल अंगावर ठेवणाऱ्याने घोडा पाळू नये.

लेहलाही होतो. तिथली झंस्कारी तट्टं उणे वीसच्या रात्री दगडी गडग्याच्या आडोशाला उभी असत, अंगावर काही नाही, पुढ्यात सुका चारा.

उबेसाठी माझा उपाय हातांचा आहे. पेंढ्याची पिळून घट्ट जुडी करायची, किंचित ओलसर, आणि मान, खांदा, मांड्या यांवर केसांच्या दिशेने थापट मारत रगडायचं. बरगड्या आणि कंबर सोडून. वीस मिनिटांत कातडी गरम होते, रक्त फिरतं, केसांना त्यांचं तेल लागतं. त्या तेलाने पाणी वरच्या वर ओघळतं. रोज आंघोळ घालून तुम्ही ते तेल धुऊन टाकताय. आंघोळ बंद करा.

सत्तरीकर · १२ डिसेंबर, रात्री ८:३०

सर्वांना देव बरें करूं. ताप पाहिला: सकाळी ३७.८, संध्याकाळी ३८.१. ताईंनी विचारलं म्हणून आज धुतल्यावर मुद्दाम थांबून राहिलो. साडेसातला पोटाखालचे आणि मांड्यांमधले केस ओलेच होते. म्हणजे मी रोज तिला ओली करून दवात उभी करत होतो. समुद्राचं मीठ अंगावर राहील म्हणून आधीचा माणूस रोज धुवायचा, मी तेच चालू ठेवलं. इथे मीठ कुठे आहे! उद्यापासून बंद.

मतलई · १३ डिसेंबर, सकाळी ६:५०

मी शाळेत भूगोल शिकवतो, घोडा कधी पाळला नाही, पण इथे माझ्या विषयाचं काम आहे. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत दुपारी खारे वारे पश्चिमेकडून येतात आणि रात्री मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे जातात. सत्तरीत पहाटेचा झोंबरा वारा पूर्वेकडून, घाटाच्या उतारावरून उतरतो. म्हणून आडोसा पूर्व आणि ईशान्येला हवा. पश्चिम उघडी ठेवा, दुपारची हवा खेळेल.

दुसरं, दव. निरभ्र रात्री जमीन, गवत, घोडीची पाठ, सगळं आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे टाकत असतं. पाठीवरचे केस हवेपेक्षाही गार होतात आणि त्यांवर दव धरतं. वर नुसतं छप्पर असलं तरी हे थांबतं. भिंतीसुद्धा लागत नाहीत. सकाळी अंगणातली मोटारसायकल भिजलेली असते आणि आंब्याखालची कोरडी, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. खळं सोडून तिला झाडाखाली किंवा मांडवाखाली न्या, एका रात्रीत फरक दिसेल.

आंबोलीकर · १३ डिसेंबर, सकाळी १०:१०

१७ अंशांना थंडी म्हणता? इकडे या एकदा.

सालसेतची_आवडी · १३ डिसेंबर, दुपारी १:३५

आंबोलीकर, घोडीला आकडा कळत नाही, तिला अंग कळतं. किनाऱ्यावर वीस वर्षं काढलेल्या जनावराचे केसही तसेच पातळ असतात. हिवाळी केस येतात ते थंडीमुळे नाही, दिवस लहान होत जातो त्यामुळे. आपल्याकडे डिसेंबरातला सर्वांत लहान दिवससुद्धा सव्वाअकरा तासांचा. स्कॉटलंडच्या ताईंकडे साडेसहा. म्हणून तिथल्यासारखी लोकर आपल्या घोड्यांना येत नाही, यायला नकोही.

मी दोन घोडे सांभाळते आणि माझं मत ठाम आहे: गोव्यात घोड्याला हिवाळा हा माहेरपणाचा काळ. त्याचे खरे हाल एप्रिल-मेमध्ये. माझ्या एका घोड्याचा उकाड्यात घामच बंद झाला होता. अंग तापलेलं, नाकपुड्या फुगलेल्या, आणि कातडी कोरडी ठक्क. चार उन्हाळे मी त्याला पहाटे आणि रात्री पाण्याने भिजवते, पंख्याखाली ठेवते. अशा हवेत झूल घालायची कल्पनाच मला सहन होत नाही. नऊ वाजता ऊन चढतं, दुपारी पारा ३२ वर जातो, आणि घरातल्या माणसाला झूल काढायची आठवण राहिली नाही तर जनावर आतल्या आत शिजतं.

बार्देसचा_बाबू · १३ डिसेंबर, रात्री ९:००

मी केलेली चूक सांगतो, म्हणजे दुसऱ्याने करू नये. दोन वर्षांपूर्वी थंडीसाठी तट्टाच्या खोलीला चारही बाजूंनी निळी ताडपत्री बांधली. आत खरंच ऊब आली. पाच-सहा दिवसांत मुताचा वास डोळ्यांना झोंबायला लागला आणि तट्टू खोकायला लागलं. डॉक्टरनी आल्याआल्या आधी ताडपत्री कापली. तो खोकला जायला फाल्गुन उजाडला. डासांसाठी धुरी करायचो तीही बंद करायला लावली.

आता पूर्वेला छातीएवढी चिऱ्याची भिंत आहे, वर दीड हात मोकळं, बाकीच्या तीन बाजूंना काही नाही. चिरा दिवसभर ऊन खातो, रात्री दहाला हात लावला तरी कोमट लागतो. तट्टू आपणहून त्याला अंग लावून उभं राहतं. चिरा मिळत नसेल तर माडाच्या विणलेल्या झावळ्यांचा कूडही वारा अडवतो.

डिचोलीकर · १४ डिसेंबर, सकाळी ११:२०

जरा विषयांतर करतो, मंडळी माफ करा. घोडा हा आपल्या मातीचा प्राणी नाही, पण गोव्याचा इतिहास त्याच्या टापांनी भरलेला आहे. होर्मुझहून अरबी घोडे जहाजांतून इथे उतरायचे आणि घाट चढून विजयनगरला जायचे. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला तेव्हा हा व्यापार आपल्या हाती ठेवणं हे त्यांचं मोठं गणित होतं. वाळवंटातून आलेली ती जनावरं आपल्या दमट हवेत कशी तगवली असतील?

आणि शिगम्याला आमच्या डिचोली-सत्तरीत घोडेमोडणी असते. कमरेला लाकडी घोडा बांधलेले, हातात तलवार घेतलेले गडी ढोल-ताशावर नाचतात. सत्तरीकर, तुमच्या अंगणात खराखुरा घोडा आलाय हे वाचून मला फार बरं वाटलं. माझी सात वर्षांची नात विचारते, थंडीत घोडीचे दात वाजतात का?

गुरांची_डॉक्टर · १४ डिसेंबर, रात्री ९:४५

नातीला सांगा, दात वाजत नाहीत, पण खांद्याचे आणि मांडीचे स्नायू थरथरतात. थरथर म्हणजे स्नायूंनी ऊब तयार करायला घेतलेली मेहनत. त्या मेहनतीला इंधन लागतं, आणि मला या धाग्यात इंधनच कमी दिसतंय.

सत्तरीकर, हरभरा आणि कोंडा म्हणजे झटकन पेटणारी काटकी, चारा म्हणजे रात्रभर धुमसणारा ओंडका. घोड्याच्या पोटात तीसेक लिटरचं आंधळं आतडं असतं आणि त्यापुढे त्याहूनही मोठं जाडं आतडं. तिथे जंतू चाऱ्यातला चोथा आंबवत असतात आणि त्या आंबण्यातून सतत उष्णता निघते. चांगल्या चाऱ्याने भरलेलं पोट म्हणजे आतली शेगडी. संध्याकाळी सहाला पेंढी टाकलीत आणि आठला ती संपली, तर पहाटे चारला शेगडी विझलेली.

हिशोब करू. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या. मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११८८०. आलेला आकडा म्हणजे अंदाजे किलो. त्याच्या दोन टक्के सुका चारा रोज हवा. आणि तुमची पेंढी काट्यावर ठेवून पाहा.

सत्तरीकर · १५ डिसेंबर, रात्री ८:१०

घेर १५८, लांबी १३८. उत्तर २९० किलो. म्हणजे चारा पावणेसहा किलोच्या वर हवा. पेंढी काट्यावर ठेवली: पावणेतीन किलो. मी पाच मिनिटं काट्याकडे बघत उभा राहिलो. मी तिला अर्धपोटी ठेवलं होतं, आणि वर हरभरे चारून वाटत होतं की लाड करतोय.

काल रात्री ती आंब्याखाली होती. सुपारीच्या दोन वाशांवर झावळ्यांचा कूड पूर्वेला उभा केला. पाठ कोरडी! पण पाचला जरा थरथरत होतीच.

चंदी_तोबरा · १५ डिसेंबर, रात्री ९:३०

चारा वाढवा, पण एकदम नको, आठ-दहा दिवसांत हळूहळू, नाहीतर पोटशूळ उठेल. निव्वळ भाताचा पेंढा नको, त्यात सत्त्व थोडं आणि आतड्यात गोळा होण्याची भीती. डोंगरावरचं करड, म्हणजे रानगवत आणा, आश्विनात कापून वाळवलेलं असेल तर अजून हिरवट वास येतो. काळं पडलेलं, बुरशीचा वास येणारं करड फुकट मिळालं तरी घेऊ नका. शेवटचा भाग रात्री दहाला द्या. जाळी बारीक भोकांची ठेवा, म्हणजे दोन तासांचा चारा चार तास पुरतो.

आणि पाणी. रात्रीचं पिंपातलं गार पाणी जुनी घोडी नीट पीत नाही. चारा सुका आणि पाणी कमी, तिथेच शूळ होतो. पहाटे विहिरीतून ताजं काढा, ते कोमट असतं. मिठाचा खडा जवळ ठेवा.

निवृत्त_सुभेदार · १६ डिसेंबर, सकाळी ७:००

करड चांगलं. पण बाविशीची घोडी ते चावते का, हे कुणी विचारलं नाही. दावणीखाली पाहा.

सत्तरीकर · १६ डिसेंबर, सायंकाळी ६:४५

सुभेदारकाका, पाहिलं. दावणीखाली सुपारीएवढे गवताचे ओले गोळे पडलेत. एक उचलून उलगडला. काड्या लांबच्या लांब, नुसत्या चोळामोळा केलेल्या, लाळेने चिकटलेल्या. मी आजवर ती शिळी वैरण समजून झाडून टाकत होतो. आज सकाळपासूनचे गोळे गोळा केले तर अर्धं घमेलं भरलं. मग तिच्या शेजारी बसून खाताना बघितलं. डावीकडे मान कलवते, चार वेळा जबडा फिरवते, आणि गोळा ओठांतून खाली सोडून देते.

गुरांची_डॉक्टर · १६ डिसेंबर, रात्री ७:२०

हे धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर. ती खायला बघते, पण नीट चावता येत नाही. घोड्याचे दात जन्मभर हिरडीतून बाहेर सरकत आणि झिजत राहतात, झीज सारखी होत नाही. वरच्या दाढांची बाहेरची कड धारदार होऊन गालाला लागते, खालच्यांची आतली कड जिभेला. बाकीच्या उपायांनी ही अडचण सुटणार नाही, चारा दुप्पट टाकलात तरी तो जमिनीवरच येणार. जवळच्या पशुवैद्याला बोलवा, गुंगी देऊन, तोंडाला चौकट लावून दाढा कानशीने घासून घ्यायच्या. स्वतः तोंडात हात घालू नका.

तोपर्यंत कुट्टी केलेलं गवत आणि वाळलेला लसूणघास कोमट पाण्यात भिजवून द्या. जोडीला खोबऱ्याची पेंड, ताजी, खवट वास नसलेली, भिजवून थोडी-थोडी वाढवत. आपल्याकडे ती सहज मिळते आणि अशा जुन्या जनावराला चांगली मानवते. कोंडा मात्र कमी करा. कोंड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम थोडं, वर्षानुवर्षं दिला तर हाडांतलं कॅल्शियम ओढलं जातं आणि चेहऱ्याची हाडं फुगतात. कॅल्शियम कार्बोनेटची पूड किती द्यायची ते डॉक्टर सांगतील. पानाचा चुना घालू नका, तो पोळतो.

इन्व्हर्नेसची_सून · १७ डिसेंबर, पहाटे ४:०५

डोळ्यांत पाणी आलं. आमच्या तबेल्यातही एक तिशीची घोडी आहे, तिचा सगळा चारा आम्ही भिजवून लापशीसारखा देतो. दिवसातून चार वेळा बादली भरावी लागते. झूल एकदा घातली की काम झालं वाटतं, म्हणून लोकांना ती सोपी वाटते. बादली चार वेळा भरावी लागते.

दाढा झाल्या की कानाच्या मुळाशी हात लावत जा. मूळ गरम असेल तर ती ठीक आहे. आणि बरगड्या डोळ्यांनी न पाहता बोटांनी चाचपा, हिवाळी केसांत हडकुळा घोडाही गुबगुबीत दिसतो.

बार्देसचा_बाबू · १७ डिसेंबर, सकाळी ८:३०

सत्तरीकर, सापाच्या भीतीचं सांगायचं राहिलं. आंब्याखालचा पालापाचोळा झाडून दहा हातांचं अंगण सारवून घ्या, दाणे सांडू देऊ नका. दाणे नाहीत तर उंदीर नाहीत, उंदीर नाहीत तर नाग फारसा फिरकत नाही.

सत्तरीकर · २० डिसेंबर, रात्री ९:५०

काल डॉक्टर आले. दीड तास लागला. डाव्या बाजूची खालची एक दाढ जिभेत रुतत होती, तिथे जुना व्रण होता. डॉक्टरनी टॉर्च धरून मला दाखवला. किनाऱ्यावर फेऱ्या मारताना तिच्या तोंडात लगामाची कडी असायची तेव्हाही तो असणार. गुंगी उतरल्यावर तिने मान माझ्या खांद्यावर टाकली आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मीही हललो नाही.

सुभेदारकाका, पेंढ्याची जुडी बायको करते. माझ्यापेक्षा तिचा हात बसला आहे. घोडी खालचा ओठ लोंबवून डोळे मिटते.

निवृत्त_सुभेदार · २१ डिसेंबर, सकाळी ६:५५

वहिनींना सांगा, खालचा ओठ सुटला म्हणजे काम बरोबर चाललंय.

आणि झुलीचा विषय पूर्ण सोडू नका, हा माझा आग्रह अजून आहे. अवकाळी पाऊस आला आणि रात्री ती भिजली, तर आधी गोणपाटाने खसाखसा पुसायचं, मग पाठीवर पेंढ्याचा थर घालून वरून सैल गोणपाट बांधायचं. पेंढ्यातून वाफ निघून जाते, खाली हवा राहते. अंग वाळलं की काढून टाकायचं. तासा-दोन तासांचं काम आहे.

सालसेतची_आवडी · २१ डिसेंबर, दुपारी २:१५

काकांचा हा उपाय मला मान्य. तासाभराचं गोणपाट आणि रात्रभराची झूल यांत फरक आहे.

सत्तरीकर · २४ जानेवारी, सकाळी ७:३०

मंडळी, महिन्याने लिहितोय. दिवसाला चार बादल्या चालू आहेत: सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री दहा. करड चार किलो कुट्टी करून, लसूणघास दीड किलो, पेंड अर्धा किलो, सगळं भिजवून. हरभरा मूठभर, सवयीपुरता. दावणीखाली गोळा सापडत नाही. पाठीवरच्या खपल्या गेल्या, नवे केस आलेत, जरा गडद रंगाचे. छातीचा घेर १६२, म्हणजे वजन ३०५ किलो.

परवा पहाटे पडवीत १६ अंश होते, या हिवाळ्यातला माझ्याकडचा सर्वांत खालचा आकडा. मी पाचला कंदील घेऊन गेलो. वारा घाटाकडून येत होता, कूड फडफडत होता. चांदणी कुडाला बाजू लावून, एक मागचा पाय सैल सोडून उभी होती. थरथर नव्हती. मानेखाली, आयाळीच्या आत हात घातला, तिथे इतकं गरम होतं की माझी बोटं तिथेच ठेवून दिली. तिने डोळा उघडून कंदिलाकडे बघितलं आणि परत मिटला.

बेळगावची झूल धुऊन वाळवून माळ्यावर ठेवली आहे.

डिचोलीकर · २४ जानेवारी, सकाळी ९:०५

शिगम्याला नातीला घेऊन येतो. गूळ चालेल का तिला?

गुरांची_डॉक्टर · २४ जानेवारी, सकाळी ९:४०

सुपारीएवढा खडा, तळहात सपाट ठेवून. नातीला आधी दाखवा कसा धरायचा ते. आणि सत्तरीकर, दाढा पुन्हा सहा महिन्यांनी. जूनची तारीख आत्ताच लिहून ठेवा, पावसात डॉक्टरना तुमच्या वाटेने यायला त्रास होईल.

सत्तरीकर · २४ जानेवारी, सकाळी १०:१५

लिहिली. पाऊस सुरू व्हायच्या आधी म्हणून ३० मे केली आहे. तिच्यासाठी कौलारू छप्परही तोवर घालून घेतो.